शेवटचा स्वरमेळ

एखाद्या धर्मगुरूने पाश्चात्त्य रॉक संगीताविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. क्वचित कोणाला ते रुचणारही नाही. ज्या संगीताच्या गोंगाटाबद्दल आम्हीच वेदीवरून तक्रार करीत आलो, त्याचीच आठवण आज मी काढणार आहे. मात्र त्या गाण्यांतील वाद्यांच्या कल्लोळाविषयी किंवा गायकांच्या वेशभूषेविषयी मला काही सांगायचे नाही. सांगायचे आहे ते त्यांच्या शेवटाविषयी. गाणे संपते कसे, एवढाच माझा विषय आहे.

हा विषय सुचला तो आमच्याच चर्चमध्ये. रविवारच्या मिस्साच्या अखेरीस गायनवृंद समारोपाचे गीत सुरू करतो. पहिले कडवे संपते न संपते तोच निम्मे लोक दाराशी पोहोचलेले असतात. दुसऱ्या कडव्याला बाहेर स्कूटरी सुरू होतात. तिसऱ्या कडव्याला पुढच्या बाकावरच्या चार म्हाताऱ्या तेवढ्या उरतात. अखेर गायनवृंदाने व्यवहार ओळखला आणि दोन कडव्यांवरच गाणे थांबवू लागला. मी विचारले तेव्हा गिटार वाजवणारा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘फादर, शेवट ऐकायला कोणी उरतच नाही.’’

मी त्याला रागावणार होतो. पण एकाएकी मला माझ्याजवळची एक जुनी कॅसेट आठवली आणि मी गप्प बसलो.

तसे पाहिले तर शेवटाची जाण आपल्या मातीत खोलवर रुजलेली आहे. मैफलीची सांगता भैरवीने होते, आणि भैरवी सुरू झाली की जाणकार श्रोता सावरून बसतो. उठून जात नाही. तबलजी तिहाई घेतो तेव्हा तिसऱ्या खेपेला समेवर येण्याआधीच सभागृहाच्या माना हलतात. ज्ञानेश्वरांनी तर आपल्या ग्रंथाच्या शेवटी जे मागणे मागितले, ते संपूर्ण ग्रंथ न वाचलेल्यांच्याही मुखी आहे. शेवट म्हणजे केवळ थांबणे नव्हे, हे आपल्या परंपरेला ठाऊक आहे. रॉक संगीतालाही ते ठाऊक असेल, असे मात्र मला तरुणपणी वाटले नव्हते. ते मला शिकवले माझ्या एका सोबत्याने.

आम्ही सेमिनरीत एकाच वर्गात होतो. तत्त्वज्ञानाच्या तासाला तो माझ्या शेजारी बसे. त्याचा थोरला भाऊ बोटीवर कामाला होता. सुटीवर येताना तो परदेशी कॅसेटी आणि संगीतविषयक मासिके घेऊन येई. शनिवारी संध्याकाळी विरंगुळ्याच्या खोलीत आम्हाला अर्धा तास टेपरेकॉर्डर लावण्याची मुभा असे. इतर मुले नवी हिंदी गाणी मागत. हा मात्र मी एकटा सापडलो की आपली कॅसेट लावी आणि म्हणे, ‘‘मधलं राहू दे. शेवट ऐक.’’

गाण्यांची त्याने स्वतःच एक वर्गवारी केली होती. काही गाणी हळूच दार लोटून घेतात, काही दार आपटतात, आणि काही दारात उभी राहतात. एवढे तीनच प्रकार, असे तो परीक्षेतील उत्तर सांगावे तसे सांगे.

दार लोटून घेणारी गाणी सर्वांत जास्त. गाणे चालूच असते, पण आवाज मंद मंद होत शेवटी ऐकू येईनासा होतो. ही सोय ध्वनिमुद्रणाने दिली. स्टुडिओत ध्वनिमुद्रक एक कळ सावकाश खाली सरकवतो, आणि आपल्याला वाटते की गाणारे गात गात दूर निघून गेले. पुढे वाचनात आले की या युक्तीचे मूळ खरोखरीच एका दारात आहे. गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ‘द प्लॅनेट्स’ या रचनेचा पहिला प्रयोग १९१८ साली लंडनमध्ये झाला. तिच्या अखेरच्या भागात स्त्रियांचा गायनवृंद शेजारच्या खोलीत उभा करायचा आणि ते दार अगदी हळूहळू बंद करायचे, अशी होल्स्टची सूचना होती. माझ्या सोबत्याला हे ठाऊक नव्हते. तरी उपमा त्याने नेमकी तीच शोधली होती.

या प्रकारातले त्याचे लाडके गाणे म्हणजे बीटल्सचे ‘हे जूड’. १९६८ साली जॉन लेनन आणि त्याची पत्नी विभक्त झाली, तेव्हा त्यांच्या पाच वर्षांच्या मुलाला धीर यावा म्हणून पॉल मॅकार्टनीने हे गाणे रचायला घेतले. गाणे सात मिनिटांहून थोडे अधिक आहे. पण शब्दांचे गाणे तीन मिनिटांतच संपते. उरलेली चार मिनिटे म्हणजे नुसता शेवट. एकच ओळ, तीही अर्थ नसलेल्या अक्षरांची, पुन्हा पुन्हा म्हटली जाते. तिच्यासाठी ३६ वादकांचा वाद्यवृंद बोलावला होता, आणि वादन झाल्यावर त्यांनाच टाळ्या वाजवून कोरसमध्ये गायला सांगितले होते. एका लहान मुलाच्या दुःखासाठी सुरू झालेले गाणे असे सर्वांचे होते आणि ते गर्दीतले गाणे ऐकू येईनासे होईपर्यंत चालतच राहते. ‘‘हे संपलेलं नाही,’’ माझा सोबती म्हणे, ‘‘आपण लांब गेलो, एवढंच.’’

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हे १९७६ सालचे ‘ईगल्स’चे गाणे तर गिटार हाती घेतलेल्या आपल्या प्रत्येक मुलाने वाजवून पाहिलेले असते. त्यातही शब्द संपल्यावर डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या दोन गिटारी सुमारे दोन मिनिटे एकमेकींशी बोलत राहतात. आधी आळीपाळीने आणि मग एकत्र. दोघी एका लयीत उतरू लागतात आणि त्या संवादातच आवाज विरतो. ध्वनिमुद्रकाची ती कळ मंचावर नसते. तिथे कोणी तरी ठरवून शेवटचा स्वर वाजवावाच लागतो. आमच्या पॅरिश हॉलमध्ये मुले हे गाणे बसवतात, तेव्हा नेमके इथेच त्यांचे भांडण होते.

दार आपटणाऱ्या गाण्यांचा त्याच्याजवळ एकच नमुना होता. पण तो पुरेसा होता. बीटल्सच्या १९६९ सालच्या ‘ॲबी रोड’ या तबकडीच्या पहिल्या बाजूच्या अखेरीस ‘आय वाँट यू’ हे जवळजवळ आठ मिनिटांचे गाणे आहे. शेवटी गिटारींची एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरत राहते. तिच्यामागे वादळी वाऱ्यासारखा आवाज वाढत जातो. आता काही तरी घडणार, असे वाटत असतानाच एका स्वराच्या मध्यावर सगळे तुटते. पुढे निव्वळ शांतता. प्रथम ऐकणाऱ्याला वाटते, वीज गेली. लेननने ध्वनिमुद्रकाला टेप नेमकी तिथे कापायला सांगितले होते. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा उठून टेपरेकॉर्डरचे बटण तपासले होते, आणि माझा सोबती पोट धरून हसला होता.

आणि दारात उभी राहणारी गाणी? ती त्याला सर्वांत प्रिय. ही गाणी निघून जात नाहीत आणि तुटतही नाहीत. उंबरठ्यावर थांबून एकदा मागे वळून पाहतात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे ‘क्वीन’चे १९७५ सालचे गाणे त्यातलेच. जवळजवळ सहा मिनिटांच्या या गाण्यात ऑपेराचा थाट आहे, गिटारींचा गदारोळ आहे. पण अखेरीस सगळे वादळ निवते. पियानो एकटा पडतो, गाणारा जवळजवळ पुटपुटतो आणि मोठ्या घंटाथाळीवर एकच हलका आघात होतो. तो गाणारा म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारूख बलसारा. हा पारशी मुलगा झांझिबारहून शिक्षणासाठी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि तिथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड काढला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला. वाचनालयात वर्तमानपत्र उघडे ठेवून माझा सोबती किती तरी वेळ तसाच बसला होता. त्याच्या मनात दुसरेही काही चालले असावे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

दोन महिन्यांनी, १९९२च्या जानेवारीत, त्याने सेमिनरी सोडली.

त्या काळी जाणाऱ्याला निरोप देण्याची आमच्याकडे रीत नव्हती. कोणी तसे बजावले होते असेही नाही. पण गेलेल्याचे नाव जेवणाच्या टेबलावर निघत नसे. सकाळच्या अभ्यासाच्या वेळी अंगणात रिक्षा आल्याचा आवाज ऐकला. मी पहिल्या मजल्यावर खिडकीजवळ बसलो होतो. तो पत्र्याची ट्रंक घेऊन खाली उभा होता. रिक्षात बसण्यापूर्वी त्याने वर पाहिले. आमची नजरानजर होणार एवढ्यात मी पुस्तकात मान घातली. जिना उतरायला मला एक मिनिटही लागले नसते.

त्या दिवशी दुपारी माझ्या डेस्कमध्ये ती कॅसेट सापडली. साठ मिनिटांची. आतल्या कागदावर त्याच्या बारीक अक्षरात गाण्यांची नावे होती. सगळ्या शेवटांची निवड. दुसऱ्या बाजूचे अखेरचे गाणे होते बीटल्सचे ‘अ डे इन द लाइफ’.

ही कॅसेट मी वीस वर्षे जपली. बदली झाली की पुस्तकांआधी ती पिशवीत जाई. ते अखेरचे गाणे मला तोंडपाठ होते. सकाळच्या वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचणारा लेननचा थकलेला आवाज, मध्येच मॅकार्टनीची झोपेतून उठून धावणाऱ्या माणसाची धांदल, पुन्हा लेनन. आणि मग संपूर्ण वाद्यवृंद खर्जातून वर, आणखी वर चढत जातो. तो कळस गाठतो, आणि खट्! टेप संपून बटण वर उडे. हाच त्या गाण्याचा शेवट, अशी माझी समजूत होती. चढत गेलेले सगळे एका क्षणी तुटते. मला तो शेवट आवडे असे नाही, पण पटे. आमच्या मैत्रीचाही तोच शेवट झाला होता.

२०११ साली मी ज्या धर्मग्रामात होतो, तिथला एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी गायनवृंदात गिटार वाजवीत असे. एका संध्याकाळी बोलता बोलता मी त्या गाण्याचे नाव घेतले. फादरांना बीटल्स ठाऊक आहेत, याचेच त्याला अप्रूप. त्याने संगणकाला ध्वनिवर्धक जोडले आणि गाणे लावले. वाद्यवृंद चढू लागला. कळस आला. माझे कान सवयीने त्या ‘खट्’ची वाट पाहत होते.

त्याऐवजी क्षणभर शांतता पसरली, आणि मग तो स्वरमेळ उमटला.

अनेक स्वर एकाच वेळी दाबले की जो स्वरमेळ होतो, त्याला ही मुले ‘कॉर्ड’ म्हणतात. पियानोची ती एकच कॉर्ड. ती घुमली आणि घुमतच राहिली. दहा सेकंद, वीस, तीस. मी श्वास रोखून बसलो होतो. चाळीसहून अधिक सेकंदांनी ती विझली, आणि विझता विझता खुर्ची करकरल्याचा बारीकसा आवाज ऐकू आला. मला वाटले आमच्याच खोलीतली खुर्ची. मुलगा हसून म्हणाला, ‘‘नाही फादर, ती लंडनची खुर्ची आहे. १९६७ची.’’

त्यानंतर या कॉर्डविषयी मिळेल ते मी वाचून काढले. १० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनच्या ॲबी रोड रस्त्यावरील स्टुडिओत ४० वादक बोलावले होते. त्यांना समारंभाचा पोशाख करून यायला सांगितले आणि आल्यावर काहींच्या चेहऱ्यावर खोटी नाके चढवली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी सांगितले की प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून निघून २४ आवर्तनांत वरच्या टोकाला पोहोचायचे. पण स्वतःच्या गतीने, शेजाऱ्याकडे न पाहता. आयुष्यभर शेजाऱ्याशी सूर जुळवण्याची शिस्त पाळलेल्या त्या वादकांना हे किती अवघड गेले असेल! पण त्या चढणीनंतर काय, हा प्रश्न सुटेना. सर्वांनी मिळून एक हुंकार द्यावा, असे करून पाहिले. ते फिके वाटले. अखेर २२ फेब्रुवारीला तीन पियानो मांडले. लेनन, मॅकार्टनी, रिंगो स्टार आणि त्यांचा सहायक मॅल इव्हान्स त्यांवर बसले. आपल्या पेटीच्या कुळातल्या हार्मोनियमवर स्वतः मार्टिन. सर्वांनी एकाच क्षणी कॉर्ड दाबायची. एवढेसे काम, पण क्षण जुळेना. नवव्या प्रयत्नाला जुळला.

यापुढचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. पियानोचा स्वर दाबल्यापासून कमीच होत जातो; तो धरून ठेवण्याचा उपाय वादकाच्या हाती नसतो. ध्वनिमुद्रक होता जेफ एमरिक, जेमतेम एकवीस वर्षांचा. स्वर जसजसा विझू लागला, तसतशा त्याने ध्वनिग्रहणाच्या कळा हळूहळू वर सरकवल्या. स्वर खाली चालला होता आणि हा ऐकणे वाढवीत होता. अखेरीस ऐकणे एवढे तीक्ष्ण झाले की खोलीतल्या वातानुकूलन यंत्राची घरघर आणि कोणाच्या तरी खुर्चीची करकर त्या फितीवर उतरली. नेहमीच्या गाण्याच्या अखेरीस ध्वनिमुद्रक जी कळ खाली ओढतो, तीच याने वर नेली. त्या स्वराला दीर्घायुष्य लाभले ते त्यामुळे.

आणि मी? मी तर खिडकीत बसून कळ खाली ओढली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दोनतीन ठिकाणी चौकशी करून सोबत्याचा दूरध्वनी क्रमांक मिळवला. तो एका शाळेत गणित शिकवीत होता. एकोणीस वर्षांनी आवाज ऐकला. पण ‘‘अरे, मीच बोलतोय’’ एवढे म्हणताच त्याने ओळखले.

मी म्हणालो, ‘‘तू दिलेल्या कॅसेटवर शेवटच्या गाण्याचा शेवटच नाही.’’

तो खो खो हसला. ‘‘साठ मिनिटांची होती रे ती. शेवट मावला नाही. मला वाटलं, तू कुठंतरी ऐकशीलच.’’

थोडा वेळ दोघेही गप्प. मग मी म्हणालो, ‘‘तू वर पाहिलं होतंस. मी मान खाली घातली.’’

‘‘ठाऊक आहे मला,’’ तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. पण ‘त्यात काय एवढं’ असेही तो म्हणाला नाही. याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. ‘‘ये एकदा घरी, फादर. मुलींना दाखवतो तुला.’’

मी गेलो. त्याच्या पत्नीने जेवू घातले. मुलींनी गिटारवर काहीबाही वाजवून दाखवले. त्याने मला कपाटातून एक तबकडी काढून ऐकवली. ‘यू टू’ या आयरिश बँडची ‘वॉर’, १९८३ सालची. तिच्यातले शेवटचे गाणे आहे ‘४०’. तो आकडा बायबलमधल्या चाळिसाव्या स्तोत्राचा. प्रभूची धीराने वाट पाहणाऱ्या माणसाचे ते स्तोत्र आम्ही दोघांनीही सेमिनरीच्या चॅपलमध्ये शेकडो वेळा म्हटले होते. त्या दशकात हा बँड बहुधा याच गाण्याने कार्यक्रमाची अखेर करीत असे. गायक आधी मंचावरून निघून जाई, मग एकेक वादक, शेवटी ढोल वाजवणारा. मंच रिकामा होई आणि हजारो श्रोते त्या प्राचीन स्तोत्रातली आर्तता गातच राहत. गात गातच घरी जात. हायडनने १७७२ साली आपल्या ‘फेअरवेल’ सिंफनीत असेच केले होते. घरच्या ओढीने कासावीस झालेल्या वादकांनी एकेक करून मेणबत्ती विझवून निघून जायचे, म्हणजे धन्याला कळेल. तिथे शेवटी शांतता उरली. इथे श्रोते उरले.

‘‘हा चौथा प्रकार,’’ माझा सोबती म्हणाला. ‘‘गाणारा जातो, दार उघडंच राहतं. तेव्हा मला सुचला नव्हता.’’

संध्याकाळी तो मला एसटी स्थानकापर्यंत पोहोचवायला आला. मी खिडकीशी बसलो. गाडी सुटली तरी तो तिथेच उभा होता. वळण येईपर्यंत मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

आमच्या गायनवृंदातल्या त्या मुलाला मी यातले काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, ‘‘सगळी कडवी गा. मी थांबेन.’’ आता मिस्सा संपल्यावर शेवटचा स्वर विरेपर्यंत मी वेदीपासून हलत नाही. गेल्या रविवारी तिसरे कडवे पूर्ण झाले. चर्चमध्ये अकरा माणसे होती. ऑर्गनचा स्वर विझताना मागच्या बाकावर कोणाचे तरी मूल कुरकुरले, आणि ते मला अगदी स्पष्ट ऐकू आले.